रात्र मोठी, गोष्ट लहान

गेल्या मंडईला बहिणीच्या गावी नाटक पाहिलं. साडेदहाला बसलो, उठलो तेव्हा पावणेपाच झाले होते. मध्ये एकदा चहाला आणि दोनदा बांधाकडे उठलो, तेवढंच. या सव्वासहा तासांत नायकाचा बाप तीन वेळा छातीला हात लावून खाली बसला आणि चौथ्या वेळी मेला. मरताना त्यानं एक पद म्हटलं. मग मुलाला काय सांगायचं ते सांगितलं. मग तेच सुनेला सांगितलं. मग पुन्हा एक पद सुरू केलं. माझा नातू माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपलाय असं मी धरून चाललो होतो. तो डोळे न उघडताच बोलला, "आबाजी, हा मरत कायले नाही?"

पुढची माणसं मागं वळून हसली. मी पोराला गप्प केलं. पण मलाही त्याच वेळी तेच विचारायचं होतं, फक्त मी सासष्ट वर्षांचा असल्यामुळं विचारू शकत नव्हतो.

आमच्याकडचं नाटक ज्यांनी पाहिलं नाही त्यांना थोडं सांगावं लागेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागाला झाडीपट्टी म्हणतात. धानाचा मुलूख. दिवाळी झाली, हलका धान कापून झाला की गावोगाव मंडई भरते. पुढं थंडीत शंकरपट होतात. मंडई असो की पट, रात्री नाटक असतंच. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटककंपन्यांचं गाव. गावातलं मंडळ तिथं जातं, कंपनी ठरवतं, इसार देतं. लोक तिकीट काढतात. सरकारच्या अनुदानाची वाट पाहत बसणारं हे नाटक नाही. 2014 साली कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, त्या 2021 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाल्या. मधल्या वर्षांत पट थांबला, पण नाटक थांबलं नाही. बैल गोठ्यात राहिले, माणसं मात्र आली. 2023 साली आमच्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा ज्याला त्याला ती आपल्याच घरात आल्यासारखं वाटलं.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे लिहितो ते बाहेरून येऊन नाक मुरडणाऱ्याचं नाही. मी चाळीस वर्षं पदरचं तिकीट काढून बसलोय. दहा वर्षं गावच्या मंडळात होतो. दोन नाटकांत तोंडाला रंगही लावलाय. घरच्या भातात खडा लागला तर घरचाच माणूस बोलतो, पाहुणा गुपचूप गिळतो. तसं समजा.

तर नाटक रात्रभर का चालतं? याचं कारण नाटकात नाही, रस्त्यात आहे. मी लहान असताना मंडईला माणसं दहा-दहा कोसांवरून बैलबंडीनं यायची. रात्री बारा वाजता नाटक संपलं तर त्यांनी जायचं कुठं? मध्ये जंगल, जंगलात वाघ. गावात ज्याच्या घरी जावं त्याच्याकडं आधीच वीस पाहुणे, आणि पांघरुणं पाच. तेव्हा नाटक म्हणजे करमणूक होती तशीच ती रात्र काढण्याची जागाही होती. तणस पसरायची, त्यावर बोरा टाकायचा, घोंगडी ओढून बसायचं. उजाडलं की बंडी जुंपायची. नाटक उजाडेपर्यंत चालणं ही गरज होती. आजही हे कारण पुरतं गेलेलं नाही. ब्रह्मपुरीकडं वाघ इतके वाढलेत की मोटारसायकल असली तरी रात्री दोन वाजता जंगलातून निघायची छाती होत नाही. त्यामुळं "नाटक लवकर संपवा" असं कुणी म्हटलं की मंडळवाले विचारतात, "आन् मंग लोकाईनं जावाचं कुठं?" त्यांचं खोटं नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. रात्र मोठी आहे, हे कबूल. पण आपण ती रात्र झाकायला जी गोष्ट घेतो ती लहान असते. दीड-दोन तासांची गोष्ट. ती पाच तासांवर पसरायची म्हणजे दहा हाताच्या धोतरानं अख्खं खळं झाकण्यासारखं आहे. जिथं ओढाल तिथं फाटतं.

माझ्या आज्याच्या काळात या मुलखात दंडार होती, खडी गंमत होती. दंडारही मोठी रात्र चालायची. पण तिच्यात एक गोष्ट ताणायची नसे. एक लहान सोंग आलं, हसवून गेलं. मग गाणं. मग दुसरं सोंग. कुणाला झोप लागली तरी त्याचं काही बुडत नसे. जाग आल्यावर जे चाललं असेल ते सुरुवातीपासूनच कळायचं. रात्रभराच्या माणसांसाठी ती बांधणी होती. नाटक आलं ते दुसरीकडून, त्याची बांधणी वेगळी. त्यात पहिल्या अंकात मुलगा हरवला तर तो शेवटच्या अंकात सापडायला हवा, आणि तोवर आपण जागं राहायला हवं. आम्ही नाटकाची गोष्ट घेतली आणि दंडारीची रात्र घेतली. दोन्हींचं जमलं नाही, आणि जमलं नाही हे बोलायचं धाडसही कुणी केलं नाही.

कुणी म्हणेल, जुनी संगीत नाटकंही लांबच होती. होती ना. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' 1882 सालचं. सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हे सगळ्यांना तेव्हाही ठाऊक होतं. कुणी शेवट बघायला जात नव्हतं, पदं ऐकायला जात होतं. एखाद्या पदाला वन्समोअर दिला तर लोक आपल्या हातानं रात्र वाढवून घेत होते, आणि ज्यासाठी आले तेच त्यांना पुन्हा मिळत होतं. आमच्या गुरुजींना अशी पदं तोंडपाठ होती. ते वर्गात भूगोल शिकवता शिकवता गुणगुणायचे. लांबी आणि कंटाळा हे सख्खे भाऊ नाहीत, एवढं मला त्यांच्याकडून कळलं. भूगोल काही फार कळला नाही.

आता कंटाळा नेमका कुठून शिरतो ते सांगतो. मी इतकी वर्षं बसून हेच पाहिलंय.

पहिली वाट माईकची. स्टेजवर वरून दोन-तीन माईक लोंबत असतात. ज्याला बोलायचं त्यानं माईकखाली यायचं. दोघं भांडत असतील तर एक कोपऱ्यातून चालत माईकखाली येतो, शिवी देतो, बाजूला होतो. मग दुसरा चालत येतो, उलट शिवी देतो. खुनी माणूससुद्धा सुरा घेऊन आधी माईकखाली येतो. ही चाल मोजली तर एका नाटकात अर्धा कोस तरी होईल. त्यात प्रॉम्प्टरचा आवाजही त्याच माईकात शिरतो. विंगेतून तो सांगतो, "आई, मी आलो," आणि मग नट म्हणतो, "आई, मी आलो." प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायचं. रोज नवं गाव, कधी रोज नवं नाटक, नटांना पाठ करायला वेळ कुठून मिळणार? त्यांना मी दोष देत नाही. पण त्यानं नाटक दुप्पट होतं हे खरं. माझे भाऊजी तर म्हणतात, प्रॉम्प्टरचंच ऐकावं, तो निदान भराभर बोलतो.

दुसरी वाट अधिक वाईट आहे, कारण ती लिहिणाऱ्यानं केलेली असते. आपण डोळ्यांनी जे पाहिलं तेच पुन्हा सांगायचं. सावकारानं सातबारावर अंगठा घेतला, हे आम्ही पाहिलं. लगेच सावकार आमच्याकडं तोंड करून सांगतो की मी अंगठा घेतला. मग शेतकरी बायकोला सांगतो. बायको शेजारणीला सांगते. मुलगा शहरातून येतो, त्याला सगळं पहिल्यापासून. मग फौजदार येतो. फौजदार आला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण आता तो विचारणार, "काय घडलं ते नीट सांगा," आणि आता सगळे मिळून सांगणार. अहो, आमच्यातल्या निम्म्या माणसांच्या घरी हे घडलेलं आहे. आम्हाला एकदा दाखवलं तरी पुरे. कर्जाची गोष्ट आम्हाला समजावून सांगावी लागत नाही. लिहिणाऱ्याला वाटतं मधे झोपलेल्यांसाठी पुन्हा सांगावं. पण ते झोपलेत का, हे त्यानं स्वतःला विचारलेलं नसतं.

हा दोष मी दुसऱ्यावर टाकून मोकळा होत नाही. लग्नाच्या आधी आमच्या गावच्या पोरांनी नाटक बसवलं होतं, त्यात मी नायकाचा मोठा भाऊ होतो. मला गोळी लागून मरायचं होतं. मेल्यावर टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, कुणीतरी वन्समोअर ओरडलं. मी उठलो आणि पुन्हा मेलो. दुसऱ्या वेळी मी जास्त लोळलो, आईच्या नावानं हाका मारल्या. बाबा दिवसभर धान चुरून आले होते आणि तिसऱ्या रांगेत बसले होते. सकाळी मी विचारलं, कसं झालं? ते बैलांना तणस टाकत होते. म्हणाले, "पयल्या बारीले मले रडू आलं. दुसऱ्या बारीले समजलं का हे नाटक आहे." मग कासरा उचलून ते निघून गेले. मला राग आला होता. त्या दोन वाक्यांएवढं परीक्षण मला पुढं कुणी ऐकवलं नाही.

तिसरी वाट नाचाची. गोष्ट लहान पडते म्हणून मध्ये नाच घालतात. बाप मरणाला टेकलाय, आणि पडदा पडून उघडतो तर लाल दिव्यात एक बाई सिनेमाच्या गाण्यावर नाचत असते. तिचा त्या घराशी, त्या बापाशी काही संबंध नसतो. पोरं शिट्ट्या मारतात, नोटा फेकतात. गाणं संपलं की पुन्हा बापाची खाट. आपण मघाशी रडायला आलो होतो ते कुठं ठेवलं होतं ते शोधावं लागतं.

यावर मी सहज चार ओळी लिहून पुढं गेलो असतो. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलायचा हक्क नाही.

मी मंडळात होतो त्या वर्षांतली गोष्ट. कंपनीशी ठरलं होतं, पहाटे पाच वाजेपर्यंत नाटक आणि पाच नाच. कागदावर लिहून घेतलं होतं, ते लिहिणारा मीच. माझं अक्षर बरं म्हणून अशी कामं माझ्याकडं यायची. रात्री दोनच्या सुमारास मी हिशेबाची पेटी घेऊन स्टेजच्या मागं गेलो. तिथं एक बाई लोखंडी खुर्चीवर शाल गुंडाळून बसली होती. चाळ बांधलेले, आणि पाय शेकोटीकडं. ती मला म्हणाली, "भाऊ, तीन झाले. दोन राहिले, त्यातला एक कमी केला तर चालंल का? अंगात ताप आहे." कपाळाला हात लावून बघण्याइतका मी परका नव्हतो, पण लावला नाही. मी म्हटलं, "बाई, लोकांनी पैसे दिलेत. पाच ठरले होते." ती काही बोलली नाही. तिनं शाल काढून नीट घडी केली आणि खुर्चीवर ठेवली.

चौथा नाच मी विंगेतून पाहिला. समोर निम्मी माणसं झोपली होती. उरलेल्यांपैकी बरीच चहाच्या दुकानाकडं होती. पाचवा नाच तर साडेचारला झाला. तेव्हा जागी असलेली माणसं मी मोजली नाहीत, पण मोजता आली असती. ज्यांनी पैसे दिले म्हणून मी तिला नाचवलं त्यांना तो नाच नको होता. कागदाला हवा होता. आणि कागद माझ्या अक्षरात होता. सकाळी कंपनीची गाडी निघाली तेव्हा सगळे नट एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपले होते. त्याच दिवशी रात्री त्यांचं दुसऱ्या गावाला नाटक होतं.

तेव्हापासून रात्री तीननंतरच्या नाटकाकडं मला नुसतं प्रेक्षकासारखं बघता येत नाही. स्टेजवर कुणी पाय ओढताना दिसलं की वाटतं, कुणीतरी कुठंतरी अक्षर बरं असलेला माणूस आहे.

तरी मी जातो. का जातो तेही सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका गावी नाटक होतं. तेही असंच ताणलेलं. पण दुसऱ्या अंकात एक प्रवेश आला. म्हातारी आई एकटी, मुलगा परगावाहून येणार म्हणून वाट बघते आहे. तिनं सूप घेतलं आणि तांदूळ निवडायला बसली. बोलणं काहीच नाही. खडा सापडला की बाजूला टाकते, बाहेर चाहूल लागली की मान वर करते, पुन्हा तांदूळ. माईकखाली आली नाही. प्रॉम्प्टरला सांगायला काही नव्हतं म्हणून तोही गप्प. तबलेवाल्यानं हात मांडीवर ठेवले. हे किती वेळ चाललं असेल? मला वाटतं पाच-सात मिनिटं तरी, आणि स्टेजवर पाच-सात मिनिटं म्हणजे फार. हजार-दीड हजार माणसं थंडीत बसलेली, पण खोकल्याचासुद्धा आवाज नाही. माझ्या शेजारची एक बाई नकळत बोटं हलवत होती, जशी काय तीच निवडते आहे. नाटकातल्या सगळ्यात लांब प्रवेशात कुणाला कंटाळा आला नाही. मुलगा आला की नाही ते मला आज आठवत नाही. ते सूप आठवतं.

म्हणून लांबी कापा, एवढंच मी म्हणत नाही. कात्री लावली आणि सूपच कापलं गेलं तर काय घ्याल? माझ्या ओळखीच्या एका शिकलेल्या माणसाला वाटतं की आमच्या नाटकाला दोन तासांत बसवलं की ते शहाणं होईल. त्याचा गैरसमज मुलानं माझ्यापुरता दूर केला. मुलगा नागपूरला नोकरीला आहे. त्यानं मला तिथं एक नाटक दाखवलं. दोन तासांचं, मध्यंतर नाही. गार हवेचं सभागृह, मऊ खुर्ची. स्टेजवर एक बाकडं आणि तीन माणसं. एक माणूस बोलायचा, दुसरा बराच वेळ त्याच्याकडं बघायचा, मग तिसरा उठून बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचा. पहिल्या अर्ध्या तासात मला कळलं की हे लोक कशाची तरी वाट बघताहेत. पुढचा दीड तास मीही वाट बघितली.

त्या दोन तासांत मला आमच्या सहा तासांपेक्षा जास्त कष्ट झाले. आमच्याकडं कंटाळा आला तर माणूस उघड कंटाळतो. आडवा होतो, बिडी पेटवतो, शेजाऱ्याला यंदा धानाला काय भाव मिळाला ते विचारतो. तिथं सगळे ताठ बसलेले. बाहेर आल्यावर मुलाचे मित्र म्हणाले, "वेगळं होतं." मला विचारलं, "काका, कसं वाटलं?" मीही म्हटलं, "वेगळं होतं." नातवाएवढा असतो तर खरं बोललो असतो. परत येताना मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, मले तर झोपच येत होती." मग आम्ही दोघंही हसलो, आणि त्या नाटकाचे पैसे तिथं वसूल झाले.

तेव्हा शहरातही हेच आहे. तिथंही गोष्ट लहान होती, पण ताणलेली होती ती शांततेनं. आमच्याकडं ती नाचानं आणि फौजदारानं ताणतात. त्या म्हातारीचीही शांतताच होती. फरक एवढाच की तिच्या हाताला काम होतं.

परवा मंडळाची पोरं वर्गणीला आली. यंदाची मंडई ठरली आहे. मी म्हटलं, एक करून बघा. नाटक साडेदहा ते दीड. पुढं आपल्या म्हाताऱ्या दंडारवाल्यांना बोलवा, अजून तिघं-चौघं उरलेत. तीनपर्यंत ते रंगवतील. मग लोकांना तणशीवर झोपू द्या, शेकोट्या पेटवा. चहावाल्याला सांगून ठेवा. रात्र निघून जाईल, आणि नटही झोपतील.

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यातला एक हुशार आहे, पदवी झालेला. तो म्हणाला, "काकाजी, लोक म्हणतील अर्ध्या रातीत गुंडाळलं, पैसे बुडवले."

"कागदावर किती लिहिलं?" मी विचारलं.

त्यानं खिशातून मोबाईल काढून फोटो दाखवला. कंपनीच्या छापील फॉर्मवर पहाटे पाच वाजेपर्यंत असं होतं. "आम्ही चारच म्हटलं होतं," तो बोलला. "पाच त्याईनंच लिहून देलं. म्हणे दुसऱ्या कंपनीवाले साडेपाच देतात."

मी फोटो मोठा करून पाहिला. नाचांच्या जागी सात लिहिलं होतं. अक्षर चांगलं होतं.

वर्गणी दिली, पावती घेतली. पोरं फाटकाबाहेर गेल्यावर बायकोनं आतून विचारलं, जाणार का म्हणून. म्हटलं, जाईन. मोठी सतरंजी उन्हात टाक.